पुरावेसाहेबांची ऐरण

पुरावेसाहेबांचं आडनाव पुरावे नव्हतं. विमा कचेरीत दाव्यांच्या टेबलावर बसून समोर येईल त्याला "पुरावा आणलाय?" असं विचारता विचारता ते त्यांना चिकटलं. शिवाय ते आडनावासारखंच वाजत असल्यामुळे कुणाला कधी शंकाही आली नाही. पोस्टमन याच नावानं हाक मारी. बायको एरवी नुसतं "अहो" म्हणे, पण चिडली की तीही "अहो पुरावे" म्हणे आणि मग घरात सगळे जपून वागत.

लोक कुठे कुठे पडतात, कशाकशानं भाजतात आणि त्यांच्या अंगावर काय काय कोसळतं, हे वाचण्यात या माणसाचा जन्म गेला होता. त्यामुळे ते न्हाणीघरातसुद्धा भिंतीला धरून जात. गॅस बंद केला का, असं बायकोला विचारत, आणि ती हो म्हणाली तरी जाऊन बघत. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर घराच्या मागच्या अंगणात लोहारकाम सुरू करावं, हे ऐकून त्यांना ओळखणाऱ्यांनी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

झालं होतं एवढंच, की पुढच्या फाटकाची कडी तुटली. फाटक दिवसभर सताड उघडं राहू लागलं आणि गल्लीतली कुत्री, मांजरं, फेरीवाले आणि चुकीचा पत्ता शोधणारे असे सगळे सरळ ओट्यापर्यंत यायला लागले. वेल्डरला फोन केला तर तो म्हणाला, "आलोच." या शब्दाला कुठलाच काळ नसतो. माणूस निघालेला असतानाही तो म्हणता येतो आणि जन्मात निघणार नसतानाही. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हाही तो 'आलोच' होता. तिसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही, तेव्हा तो बहुधा खरंच कुठेतरी गेला असावा.

त्याच सुमारास पुरावेसाहेबांचे मेहुणे जेवायला आले. मेहुणे एअर कंडिशनरच्या कंपनीत इंजिनिअर. कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीवर टकटक करून बघायची त्यांना सवय. कडीची हकिगत निघाली तेव्हा पुरावेसाहेब सहज म्हणाले, की वेल्डर नाही आला तर मीच बघतो काहीतरी. त्यावर मेहुणे हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "भावोजी, तुमच्या हाताला पेनच शोभतं. तेही टोपण लावलेलं."

बायको हसली. साहेबांची आईसुद्धा हसली. पुरावेसाहेबही हसले, कारण पाहुण्यासमोर दुसरं काही करता येत नाही.

पण पुढचे काही दिवस ते फोनवर लोहारकामाच्या चित्रफिती बघत राहिले. तिकडे कुठलासा दाढीवाला म्हातारा गप्पा मारता मारता सळई तापवायचा, दोन-चार ठोके मारायचा आणि पीळदार आकडा करून बाजूला ठेवायचा. ना धाप, ना घाम. पुरावेसाहेबांना वाटलं, त्यात काय आहे? आता जगातले बहुतेक अपघात याच तीन शब्दांपासून सुरू होतात, आणि हे त्यांच्याइतकं लेखी स्वरूपात दुसऱ्या कुणी वाचलेलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या फायलीतलं शहाणपण आपल्या अंगणात चालत नाही.

भंगारवाल्याकडे एक जुनी ऐरण पडली होती. पुरावेसाहेबांनी ती बोटानं वाजवून बघितली, जाणत्यासारखी मान हलवली आणि घरी पोचवायला सांगितली. सोबत एक घण, एक हातोडा आणि कानसही घेतली. घणाला दांडा नव्हता. तो आपण घरी बसवू, असं त्यांनी ऐटीत सांगितलं. भंगारवाल्यानं त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि सामान बांधलं.

हातगाडीवाल्याशी ठरलं होतं 'फाटकापर्यंत'. तो शब्दाचा पक्का निघाला. त्यानं फाटकाच्या बरोब्बर मधोमध गाडी तिरकी केली, ऐरण धप्पकन जमिनीवर सरकवली आणि निघून गेला. पुरावेसाहेबांनी ती एका हातानं बाजूला करायचा प्रयत्न केला. मग दोन हातांनी केला. मग इकडेतिकडे बघून पायानं केला. ऐरण जागची हलली नाही.

अमुक प्रश्न ऐरणीवर आला, असं त्यांनी वर्तमानपत्रात कितीदा तरी वाचलं होतं. ऐरणच प्रश्न होऊन दारात बसते, हे कुठल्याही अग्रलेखात आलं नव्हतं. स्कूटर आत अडकली. साहेब बसनं कचेरीत जाऊ लागले. बायको पिशवी आधी पलीकडे ठेवून मग ऐरणीला वळसा घालून बाहेर पडू लागली. येणारा-जाणारा थांबून सल्ला देऊ लागला. कुणी म्हणालं खाली साबण लावा, कुणी म्हणालं पहार घाला. पेपरवाल्याचं म्हणणं असं, की हिच्याभोवती झाडं लावली तर बरी दिसेल. कुत्र्यांनी मात्र फारशी चर्चा न करता तिचा उपयोग सुरू केला.

शेवटी मेहुण्यांना बोलवावं लागलं. हा अपमान पुरावेसाहेबांनी गिळला. मेहुणे आले, त्यांनी ऐरणीवर टकटक केलं आणि 'हिला चाकं पाहिजेत' असं निदान केलं. चाकं घरात एकाच गोष्टीला होती. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी आणायला लावलेली चाकाची खुर्ची. ती घरी आल्यापासून आई तिच्यात एकदाही बसली नव्हती. मी काय म्हातारी आहे का, असं ती विचारी, आणि या प्रश्नाला उत्तर द्यायची घरात कुणाची छाती नव्हती.

घरं एकमेकांना चिकटून असल्यामुळे मागच्या अंगणात जायला बाजूनं वाट नव्हती. ऐरण दिवाणखान्यातून, मग स्वयंपाकघरातून न्यायची होती. गल्लीतल्या चौघांनी दोर आणि बांबू लावून ती खुर्चीवर बसवली. मेहुणे पुढून उलटे चालत डावीकडे, उजवीकडे करत होते. पुरावेसाहेबांना मागून ढकलायचं काम मिळालं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक फरशी तडकली, तेव्हा बायको फक्त "अहो पुरावे" एवढंच म्हणाली. आई पलंगावर बसून ही मिरवणूक बघत होती.

"मी बसले असते," ती म्हणाली, "तर एवढ्या जणांनी ढकललं नसतं."

ऐरण अंगणात पोचली. आता भट्टी. वॉशिंग मशीनचा जुना ड्रम होता, त्याला आतून माती लिंपली, तळाशी पाइप घातला, वर कोळसा रचला. इथवर सगळं चित्रफितीप्रमाणे झालं. अडलं ते भात्यापाशी. भत्ता म्हणजे काय हे पुरावेसाहेबांना नियम-पोटनियमांसकट माहीत होतं. भाता म्हणजे काय, आणि तो कुठे मिळतो, हे मात्र कचेरीतल्या कुणालाच सांगता येईना. म्हणून त्यांनी बायकोचं केस वाळवायचं यंत्र पाइपाला लावलं. कोळसा छान पेटला. त्या आनंदात यंत्राचं तोंड वितळून पाइपावर पसरलं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

बायकोनं ते वितळलेलं यंत्र बघितलं, मग त्यांच्या हातातली आपली स्वयंपाकघरातली सांडशी बघितली, आणि शांतपणे विचारलं की आता घरातलं अजून काय काय लागणार आहे, म्हणजे मी एकदाच काढून ठेवते. साहेबांना हा पाठिंबा वाटला. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर मागितला.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लावली की तो हवा ओढायच्या ऐवजी फेकतो, ही युक्ती खरीच चांगली होती. फक्त आधी त्याच्या पोटातली वर्षभराची धूळ काढायला हवी होती. बटण दाबताच भट्टीतून धूळ, राख आणि कोळशाची भुकटी यांचा एक काळा ढग उठला, भिंतीवर क्षणभर रेंगाळला आणि शेजारच्या ताईंच्या अंगणात उतरला. ताई नर्स होत्या. त्यांचे धुतलेले पांढरे गणवेश तिथे ओळीनं वाळत होते.

ताई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या, सगळे गणवेश पुरावेसाहेबांच्या हातात ठेवले, वर साबणाची वडी ठेवली आणि गेल्या. साहेबांनी ते स्वतः घासले. ते दोरीवर घालत असताना गच्चीवरून हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी बघत होते.

सेक्रेटरी म्हणजे शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. चूक दिसली की त्यांना तरतरी येई. संध्याकाळी ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, की व्यक्तिशः माझी काही हरकत नाही. माणूस असं म्हणाला की समजावं, हरकत बरीच मोठी आहे. घरात व्यवसाय चालवायला सोसायटीत मनाई आहे. साहेब म्हणाले, हा व्यवसाय नाही, छंद आहे. सेक्रेटरी म्हणाले, मग तसं वॉर्ड ऑफिसातून आणा.

वॉर्ड ऑफिसात दोन खिडक्या होत्या, एक उद्योगाची आणि एक घरगुती. उद्योगाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, यातून तुम्हाला काही मिळतं का? साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आतापर्यंत फक्त बोलणी मिळाली आहेत. त्यांनी घरगुती खिडकीकडे पाठवलं. तिथले कारकून म्हणाले, घरगुती विस्तव फक्त स्वयंपाकघरात चालतो, ऐरण ओट्याशेजारी ठेवता येईल का बघा. साहेबांनी पुन्हा सांगितलं, की हा छंद आहे हो. कारकुनानं चष्मा वर केला.

"छंद आहे, याला पुरावा काय?"

हा प्रश्न पुरावेसाहेबांना उभ्या जन्मात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी काळे झालेले हात पुढे केले. कारकून म्हणाले, हात सगळ्यांचेच असतात. शेवटी त्यांनी अग्निशमन केंद्राकडे बोट दाखवलं.

अग्निशमन केंद्रातले अधिकारी मिशाळ आणि चटपटीत होते. साहेब दारात दिसताच ते उभे राहिले आणि आग कुठे लागली ते विचारू लागले.

"लागली नाही," साहेब म्हणाले. "लावायची आहे."

अधिकारी हळूहळू खाली बसले. त्यांनी साहेबांना पाणी दिलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. सगळा प्रकार ऐकल्यावर ते म्हणाले, की लागलेल्या आगीसाठी आमच्याकडे पद्धत आहे, लावणाऱ्यासाठी नाही. पण मी रविवारी स्वतः येऊन बघतो.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकारी गणवेशात आले होते. सेक्रेटरी वही घेऊन आले होते. ताई आपले कपडे आत घेऊन मगच आल्या होत्या. मेहुणे कुणी न बोलावता आले होते. आई चक्क चाकाच्या खुर्चीत बसून दारापाशी आली, कारण तिथून चांगलं दिसत होतं. पुरावेसाहेबांनी बायकोला खूण केली, तिनं क्लीनर सुरू केला, कोळसा फुलला. त्यात खुपसलेली लोखंडी पट्टी आधी काळपट लाल झाली, मग केशरी. साहेबांनी सांडशीनं ती बाहेर काढून ऐरणीवर ठेवली आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले.

तापलेल्या लोखंडात काहीतरी आहे. ते बघितलं की शहाण्यासुरत्या माणसाच्याही हाताला खाज सुटते. साहेब हातोडा उचलणार तोच अधिकाऱ्यांनी घसा खाकरला.

"एक मारू का?"

सरकारी माणसाला नाही कसं म्हणणार? अधिकाऱ्यांनी एक मारला. मग अजून एक मारला. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि तिसरा मारला. सेक्रेटरी म्हणाले, कोन चुकतोय तुमचा, दाखवतो, आणि त्यांनी हातोडा घेतला. साहेबांनी पट्टी परत तापवली. आता ताई पुढे आल्या. दिवसभर वॉर्डात तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या त्या बाईनं असे काही ठोके घातले, की अधिकारी दोन पावलं मागे सरकले. गणवेशांचा सगळा हिशेब तिथेच चुकता झाला असावा. या सगळ्यात पुरावेसाहेबांकडे एकच काम होतं. "धरा," असं जो तो त्यांना सांगत होता, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या ऐरणीवर, स्वतःच्या बायकोची सांडशी घेऊन ते धरून उभे होते.

मग मेहुणे अस्तन्या वर करत आले. हातोडा म्हणजे पोरखेळ आहे, म्हणाले, आणि त्यांनी घण उचलला. त्याचा दांडा साहेबांनी स्वतः बसवला होता. तो पाचर मारून बसवायचा असतो, हे त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यानं गप्पांच्या नादात सांगितलं नसावं. मेहुण्यांनी घण डोक्याच्या मागे नेला तेव्हा त्यांच्या हातात दांडा होता. खाली आणला तेव्हाही दांडाच होता.

घणाचं डोकं मागच्या मागे वर गेलं होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. न्हाणीघराच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीतून थड् असा आवाज आला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे टाकीनंच घाव सोसला आणि देव आठवले ते खाली उभ्या असलेल्यांना. मनगटाएवढी धार सुटली आणि बरोबर भट्टीवर पडली. फुस्स करून वाफेचा असा लोट उठला की अंगणात कुणाला कुणी दिसेना. वाफेच्या पोटातून अधिकाऱ्यांचा आवाज येत होता, घाबरू नका, एका ओळीत बाहेर पडा. सेक्रेटरींनी ओळ बहुधा कोळशाच्या पोत्यापासून धरली असावी, कारण ते बाहेर आले ते काळेच. बायकोनं तेवढ्यात क्लीनर बंद करून वायर ओढून काढली होती. अख्ख्या अंगणात ते एकच काम शहाणपणाचं झालं.

टाकी रिकामी झाल्यावर सगळे निथळत उभे राहिले. अधिकाऱ्यांनी टोपी शोधली, तिच्यातलं पाणी ओतून टाकलं आणि डोक्यावर चढवली.

"भट्टीजवळ पाण्याची सोय पाहिजे, असा नियम आहे," ते म्हणाले. "ती आहे."

आणि परवानगी तोंडी देऊन ते निघून गेले. सेक्रेटरींना वहीतलं ओलं पान उलटता येईना, म्हणून त्यांचीही हरकत तिथेच राहिली. मेहुणे मात्र एकदम लहान झाले होते. टाकीचं मी बघतो, म्हणाले, आणि जाताना कशावरही टकटक न करता गेले.

पुरावेसाहेब अजून तिथेच उभे होते. सांडशी त्यांनी सोडली नव्हती. तिच्यात जे होतं त्याला काय म्हणावं ते कळत नव्हतं. एका टोकाला चपटं, एका टोकाला वाकडं, मधे पिळवटलेलं. कडी नव्हती एवढं मात्र नक्की.

"हे काय झालं?" आईनं विचारलं.

"सगळ्यांनी मिळून केलंय."

"म्हणजे कुणाचंच नाही." तिनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. "आता तू कर."

त्या आवाजात थट्टा नव्हती. तो आवाज साहेबांच्या मनात आठवडाभर राहिला. कचेरीत ते दावे तपासत होते, शिक्के मारत होते, आणि मधेच आपला उजवा हात समोर धरून बघत होते.

पुढच्या सुट्टीला त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. ताईंना तेवढं आधी विचारलं. त्या म्हणाल्या दुपारी लावा, तेव्हा वारा पलीकडे असतो. बायको क्लीनरपाशी बसली. साहेबांनी पट्टी तापवली आणि पहिला ठोका मारला. तो ऐरणीवरच बसला आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. दुसरा तिरपा गेला. तिसऱ्याला लोखंड किंचित दबलं, अगदी किंचित. पण साहेबांना ते हातात कळलं. ते थांबून बघत राहिले.

"निवतंय," बायको म्हणाली.

मग ते तापवत राहिले आणि ठोकत राहिले. घाम नाकावरून पट्टीवर टपकून चुरचुरला. एकदा चुकीच्या बाजूला वाकलं, ते सरळ केलं. एकदा बोट भाजलं, ते बायकोला न दाखवता तोंडात घातलं, आणि तिनंही न पाहिल्यासारखं केलं. जुन्या बोल्टासाठी भोक पाडायलाच निम्मी दुपार गेली. तापलेल्या पट्टीत सुंभा, म्हणजे भोक पाडायचा जाड लोखंडी खिळा, ठोकून शेवटी ते पडलं, थोडं लंबगोल, पण आरपार. उन्हं उतरली तेव्हा ऐरणीवर एक कडी होती. जाडीभरडी, एका अंगाला कलती, हातोड्याच्या खुणांनी भरलेली. बायकोनं ती पदरात धरून उचलली.

"झाली की हो," ती म्हणाली. एवढंच. पण एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्या कुठल्याही पगारवाढीला असा आवाज काढला नव्हता.

कडी फाटकाला बसवली. ती खाचेत अर्धीच जात होती, म्हणून साहेबांनी हातोड्यानं दोन हलके ठोके दिले आणि ती तळापर्यंत बसली. सगळ्यांनी फाटक हलवून बघितलं. कुत्री बाहेरून बघून गेली. त्या संध्याकाळी साहेब ओट्यावर उगाचच बराच वेळ बसले होते.

सकाळी कचेरीला निघताना कडी उघडेना. बोटांनी नाही, दोन्ही हातांनी नाही, तेल घालून नाही. ती जणू तिथेच जन्मली होती. बायकोनं भावाला फोन लावला. मेहुणे म्हणाले, कटर घेऊन येतो, मिनिटभराचं काम आहे. पुरावेसाहेबांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, की माझ्या कडीला कुणीही हात लावायचा नाही. त्यांचा हा आवाज घरात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. पलीकडून मेहुणे चक्क "बरं, भावोजी" म्हणाले.

मग त्यांनी बॅग पलीकडे टाकली आणि न्हाणीघरात भिंतीला धरून जाणारा तो माणूस फाटकावर चढला. ताई ड्यूटीवर निघाल्या होत्या. त्यांनी खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं. पँट एका जागी उसवली, पण साहेब उतरले ते पायांवर.

कचेरीत ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उशिरा पोचले. वरिष्ठांनी आत बोलावलं. केस विस्कटलेले, पँट उसवलेली, बोटाला पट्टी, हे सगळं त्यांनी निरखून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना?

"हो साहेब. फाटक उघडत नव्हतं."

"मग दुरुस्त करून घ्या ना एकदा."

पुरावेसाहेब ताठ उभे राहिले.

"दुरुस्त केलंय साहेब," ते म्हणाले. "मी स्वतः केलंय. म्हणूनच उघडत नाही."